काजवालीचं डोकं आणि माझी टाळी

चाळीस माणसांसमोर एखाद्या बाईला डोकं उघडं करायला तुम्ही कधी लावलंय का? मी लावलंय. वर टाळ्याही घेतल्यात.

ती शर्टांच्या कारखान्यात काज पाडायच्या मशीनवर बसायची. तिच्या काजात बटण कधी अडलं नाही की आपोआप सुटलं नाही. सगळे तिला काजवालीच म्हणायचे. जीभही धारेची. मास्तर कुरकुरला की म्हणायची, "मास्तर, तोंडाला एक काज पाडून देऊ का? बटण तुमचं तुम्ही लावा."

मग तिचं अंग जड व्हायला लागलं, भर उन्हाळ्यात हातपाय गार पडायला लागले. एक दिवस फणीबरोबर केसांचा पुंजकाच आला. कानामागे कोटाच्या बटणाएवढी जागा गुळगुळीत. मग दुसरी. मग टाळूवर तिसरी, चांगली तळहाताएवढी. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, थायरॉइड मंदावलंय, आणि डोक्याला ही चाई. दोन्ही कधीकधी एकाच माणसाच्या वाट्याला येतात. "रोज सकाळी अनशापोटी गोळी घ्या, थायरॉइड ताब्यात राहील. केसांचं मात्र वचन देत नाही. येतील, परत जातीलही."

घरात एकट्या नवऱ्याला माहीत. नणंद कारखान्यात तिच्याच हॉलमध्ये कॉलर शिवायची, आणि नणंदेला कळलं की सासूला, सासूला कळलं की जिन्याच्या पायऱ्यांनासुद्धा. म्हणून काजवाली डोक्याला स्कार्फ बांधायला लागली. कुणी विचारलं की, "सर्दी गं." चार महिने सर्दी!

अशात कुणाचा तरी स्कार्फ मशीनच्या पट्ट्यात अडकला आणि नियम निघाला. एक तारखेपासून स्कार्फ बंद, सगळ्यांनी जाळीची टोपी घालायची. जाळीतून काय झाकणार?

ती माझ्याकडे आली. मी कामगारांची भांडणं भांडते. शाळा सातवीत सुटली, कायदा नोटिसा वाचून वाचून शिकले. तिनं पिशवीतून टोपी काढली. जाळीला आतून काळं अस्तर लावलेलं, टाका शोधून सापडू नये असं.

"ताई, एक चिठ्ठी लिहून दे. अशी टोपी चालेल का, एवढंच. कारण नको लिहूस."

"का नको? चोरी केलीस? दुखण्याची कसली लाज?"

"तुला नसेल वाटत. मला वाटते."

मी ते कानाआड केलं.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, मॅनेजरला भर हॉलमध्ये गाठलं. तो म्हणाला, "सगळ्यांना एकच नियम. हिला काय वेगळं झालंय?" माझं डोकं सटकलं. मी वळून ओरडले, "काढ गं तो स्कार्फ! दाखव याला!"

मशिनं थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं गाठ सोडली.

मॅनेजर मान खाली घालून "चालेल, चालेल" करत निघून गेला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मी हात वर केला. नणंद तेवढी अर्धी कॉलर हातात धरून बसली होती.

काजवालीनं पाळी पुरी केली. दुसऱ्या दिवशी आली नाही. आठ दिवस नाही. मास्तरनं निरोप धाडला, सोमवारी आली नाही तर मशीन दुसरीला.

मी तिच्या घरी गेले. नणंदेनं दार उघडलं. "या ताई. आज कुणाचं डोकं उघडं करायला आलात?"

मी चपला काढल्या आणि खाली मान घालून आत गेले. काजवाली पलंगाच्या कडेला बसली होती. डोकं घट्ट बांधलेलं, घरातसुद्धा.

"चुकले," मी म्हटलं. मग राहवेना म्हणून विचारलं, "तू 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"सगळ्यांसमोर तू एवढी ओरडलीस. मी 'नाही' म्हणाले असते तर तू तोंडघशी पडली असतीस."

म्हणजे मी तिची लाज काढली आणि तिनं माझी राखली. मला कुठं बघावं कळेना.

"आरशात आधी तीन जागा दिसायच्या," ती म्हणाली. "आता चाळीस जणांचे डोळे दिसतात."

"त्यातले दोन माझे, वहिनी," नणंद म्हणाली. "ते मी वळवले. आईलाही काही बोलले नाही, आठ दिवस पोट फुगलंय माझं. बाकीच्यांचं ताईंना निस्तरू दे."

काजवालीच्या ओठांची कड जराशी हलली. "येते सोमवारी. पण तू गेटवर यायचं नाहीस, ताई. आणि काय ते हॉलमधल्यांना आधीच सांग. नाव न घेता लिही."

म्हणून हे लिहिलं. त्या हॉलमधलं कुणी वाचत असाल तर ऐका. सोमवारी ती येईल. टाळ्या नकोत, "आता कसंय?" नको, तेलाचे उपाय तर मुळीच नकोत. शर्टांचा गठ्ठा तिच्याकडे सरकवा, आणि आपापल्या सुईकडे बघा.