मूळ नाटकात नसलेले डॉक्टर

मिरजेच्या एका दवाखान्यात सोमवारी आणि गुरुवारी दुपारी आम्ही तिघं शेजारी शेजारी पडून असतो. डावा हात सुया टोचून बांधलेला, उजवा मोकळा. चार तास मशिन रक्त बाहेर काढतं, धुतं आणि परत देतं. सुरुवातीचे महिने मी छताकडे बघण्यात घालवले. छत बघून संपलं, मग शेजाऱ्यांकडे बघायला लागले.

एका बाजूला सांगलीचे हळदीचे व्यापारी. जैन गृहस्थ, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. सांगलीतल्या प्रत्येक माणसाप्रमाणे त्यांनाही वाटतं की नाटक आपल्या रक्तातच आहे. ते रक्त आठवड्यातून दोनदा धुतलं जातं तरी हे काही निघालेलं नाही. दुसऱ्या बाजूला म्हसवडकडचे निवृत्त सुभेदार, कमी बोलणारे. मी हायस्कूलला मराठी शिकवायची, म्हणून दोघांसाठी मी 'बाई'.

नाटकाचं खूळ माझंच. परक्या मुलखातलं, काही शतकांपूर्वीचं एक प्रहसन आहे. एक धडधाकट माणूस स्वतःला भयंकर आजारी समजतो आणि घरभर डॉक्टर गोळा करतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात ते मी दोनदा बसवलं होतं, भाषांतराची वही कपाटात सापडली. एका हाताने वही धरता येते, पान मात्र उलटता येत नाही. म्हणून पद्धत अशी ठरली: मी वाक्य वाचायचं, ज्याचं असेल त्याने मागोमाग म्हणायचं, आणि पान संपलं की सिस्टरना हाक मारायची. सुभेदारांना त्या आजारी माणसाची भूमिका दिली, अण्णांना त्याच्या मुलीची.

"मिशी ठेवली तर चालेल काय?" अण्णांनी विचारलं.

डॉक्टर, मोलकरीण आणि उरलेलं सगळं गाव मी.

पहिल्याच दिवशी सुभेदार म्हणाले, "बाई, ह्यो माणूस आमच्या गावात हाय." अण्णा म्हणाले, "आमच्या पेठेत तीन आहेत." पान उलटायला आलेल्या सिस्टर हसल्या. त्या केरळच्या. शाळेत असताना त्यांनी हेच नाटक मल्याळममध्ये केलं होतं, आणि त्यांचा तो माणूस त्यांच्या चर्चशेजारी राहायचा म्हणे. अभिजात नाटक जगभर का टिकतं, याचं उत्तर मी तीस वर्षं मुलांकडून लिहून घेतलं. त्यात चिरंतन मानवी मूल्यं वगैरे असावीच लागायची. 'असा माणूस आमच्या गावात आहे' असं कुणी लिहिलं असतं तर मी दोन मार्क कापले असते. त्या न कापलेल्या मार्कांचीही मला आता लाज वाटते.

अडचण एकच होती. हसलं की हात हलतो, आणि हात हलला की मशिन बोंबलतं.

तिसऱ्या आठवड्यात, सुया टोचायच्या आधी, सुभेदार म्हणाले, "बाई, ह्यो म्हैना झाला की मी यायचा बंद."

"म्हणजे?"

"म्हंजे बंद. सकाळी म्हसवडास्नं निघायचं, माघारी जाऊन मेल्यागत पडायचं. पोरगा रजा काढून आला, लय भांडला. पर माझं ठरलंय."

मशिन बंद केलं की माणूस किती दिवस राहतो, हे आम्हा तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. फार तर दहा-पंधरा. मला त्यांचा राग आला. जिथे आपलं काही चालत नाही तिथे मला आधी रागच येतो. मी म्हणाले, "अर्धं नाटक टाकून जाणारा नट मी कधी खपवून घेतला नाही. संपवा, मग कुठं जायचं तिकडं जा."

सुईसाठी हात पुढे करत ते म्हणाले, "बरं. नाटक संपंस्तवर येतो."

घरी येऊन वही बघितली. कसंबसं तीन बैठकांचं नाटक उरलं होतं. जुन्या नाटकाचा स्वल्पविराम बदलला तरी मुलांना मी वर्गाबाहेर उभं करायची. त्या संध्याकाळी मी नाटकात नाडी बघून पाऊस सांगणारा एक वैद्य घुसडला. पुढच्या आठवड्यात दुसरा आणला. मग त्या दोघांचं भांडण लावलं, ते तीन बैठका चाललं. लिहिताना मला कळलं, कादंबरी माणूस एकटा वाचून मिटून ठेवतो. नाटकात आपलं वाक्य झालं की समोर कुणीतरी असावंच लागतं. महिना उलटला. दुसराही उलटला.

एकदा पान उलटताना सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हा डॉक्टर आमच्यात नव्हता."

"मराठीत आहे," मी म्हणाले. "तुमच्याकडे कापलं असेल."

मागच्या बाकांना गप्प करणारी नजर मी त्यांच्यावर रोखली. त्यांनी मुकाट्याने पान उलटलं. सुभेदार छताकडे बघत होते.

पण ताणायचं तरी किती? शेवटी अण्णाच वैतागले, "बाई, डॉक्टर पुरे झाले. माझा प्रवेश कधी?" मग एका गुरुवारी शेवटचा प्रवेश घ्यावाच लागला. आपल्यावर खरी माया कुणाची, हे बघायला तो माणूस मेल्याचं सोंग घेतो आणि मुलगी येऊन रडते.

सुभेदारांनी डोळे मिटले. छातीपर्यंत चादर, चेहऱ्याला रंग नाही. मी अण्णांचं वाक्य वाचलं. अण्णा बोलले नाहीत. मी पुन्हा वाचलं. ते सुभेदारांकडे बघत राहिले आणि मग वहीत नसलेलंच काहीतरी म्हणाले, "सुभेदार, तुम्ही नसला तर येता सोमवार मी काढायचा कसा, सांगा." बोलता बोलता त्यांनी बांधलेला हातच पुढे केला. मशिन किंचाळलं. सिस्टर धावत आल्या, त्यांना सुभेदार निपचित दिसले, आणि त्यांनी आधी सुभेदारांच्याच मानेवर बोटं दाबली.

सुभेदारांनी एक डोळा उघडला. "जित्ता हाय. नाटकात मेलोय."

तिन्ही मशिनं एकदम बोंबलली. मी मोकळ्या हाताने डोळे पुसले. नाटक संपलं होतं, आणि वहीत एकही पान उरलं नव्हतं.

सोमवारी मी पिशवीत एक छोटी एकांकिका घेऊन गेले. दोनच पात्रांची. दोनच का, ते अण्णांना सांगितलं नाही. वेळ झाली तरी सुभेदारांची खाट रिकामी होती, चादर नुकतीच घातलेली. मला सुया टोचून झाल्या. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला इतकी भीती माझ्या स्वतःच्या दुखण्याचीही कधी वाटली नव्हती.

वीस मिनिटांनी दारात चपला घासटल्या. "एस्टी पंक्चर झाली वाटंत, विट्यात," सुभेदार म्हणाले.

हात बांधून झाल्यावर माझ्याकडे न बघता ते हळूच बोलले, "बाई, त्ये मधले डॉक्टर तुमचे व्हते न्हवं?"

मी पिशवीतून एकांकिका काढायला लागले.

"फौजेत तीस वरसं काढलीत. कोण येळ काढतंय, त्ये मला लांबनं कळतं." मग म्हणाले, "फुडचं जरा लांबडं घ्या."

पिशवीतून अर्धी बाहेर काढलेली एकांकिका मी परत आत ढकलली.