वरचं दुसरं चाक

गाडी सुरू करण्याआधी तो पायरीवर चढायचा, टपावरच्या दोन स्टेपन्यांवर डाव्या हाताची एकेक मूठ आपटायचा, कान देऊन आवाज ऐकायचा आणि मगच खाली उतरून चावी फिरवायचा. सेनगाव ते साखरा रस्त्यावर दोन स्टेपन्या वाहणारी दुसरी काळी-पिवळी जीप तुम्हाला दिसणार नाही. एक असली तरी नशीब समजा.

मी साखऱ्याच्या शाळेत शिकवते. त्याच्या जीपमध्ये पुढची जागा माझी ठरलेली. एकदा न राहवून विचारलंच, "चार वर्षं बघतेय. ही दुसरी किती वेळा लागली?"

"एकदाबी न्हाई."

"मग कशाला वाहता?"

"आसू द्या म्याडम. लागली न्हाई तर बरंच हाय."

माणूस चक्रम आहे, असं मी घरी जाऊन सांगितलं होतं.

तंबाखूने त्याची जीभ धरली. नांदेडला जाऊन तो डाव्या कडेचा तुकडा काढून आला, पुडी कायमची सोडली आणि बडीशेप चघळायला लागला. दीड वर्षाने त्याच कडेला पुन्हा चट्टा उठला. तोच कॅन्सर. जिभेचं ऑपरेशन ठरलं, त्यात वाद नव्हता. घोळ झाला तो मानेचा. डॉक्टर म्हणाले, मानेत सगळ्यांनाच असतात त्या बारीक गाठी आत्ता साफ दिसतात, पण आजार उलटलेला आहे, एखाद्या गाठीत दडून बसला असेल तर फोटोत येणार नाही. त्याच वेळी डाव्या बाजूच्या गाठी काढलेल्या बऱ्या. फक्त खांद्याची नस दुखावली तर हात वर जाणार नाही. दुसरे डॉक्टर म्हणाले, नुसतं लक्ष ठेवलं तरी चालेल. तुम्ही ठरवा आणि आठ दिवसांत कळवा.

आता सांगा, न दिसणाऱ्या आजारासाठी धडधाकट हात द्यायचा का? आणि हा गडी डावखुरा, त्यात गिअर डाव्या हाताला!

त्याने काय करावं? गाडीत मतं घ्यायला सुरुवात केली. जो चढेल त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचा आणि विचारायचा, "तुमी काय म्हंता?" आपली माणसं, मत द्यायला कंजुषी कसली! कुणाच्या साडूने मान कापून घेतली आणि तो ठणठणीत होता. कुणाच्या चुलत्याने कापली नाही आणि तोही ठणठणीत होता. सेनगावहून निघताना 'कापा' ठरलेलं असायचं, साखरा येईपर्यंत 'नका कापू' व्हायचं. परतीच्या फेरीत पुन्हा पहिल्यापासून.

"अहो, बायकोला विचारलंत का?" मी वैतागून म्हणाले.

"ती रडून राहिली. रडणं कोन्या बाजूला मोजावं म्याडम?"

मग त्याने मलाही विचारलं. मी शिक्षिका, मला गप्प बसवतं थोडंच! "रिपोर्ट साफ आहे ना? मग हात कशाला घालवता?" मी म्हणाले. त्याने मान हलवली. रात्री अंथरुणावर मला वाटलं, आपण हे कोणत्या तोंडाने सांगितलं? सकाळी वाटलं, बरोबरच सांगितलं. दोन्ही वेळा खात्री होती, हीच तर पंचाईत.

सातव्या दिवशी एक म्हातारी कोंबड्यांची डालगी घेऊन आली. टपावर जागा नव्हती. ती कडाडली, "काय रं, दोन दोन चाकं कशाला डोक्यावर घेऊन फिरून राहिला? माह्या कोंबड्याला जागा न्हाई आन् न लागणाऱ्या चाकाला हाय व्हय?"

एरवी तो हसून "आसू द्या, मावशी" म्हणाला असता. त्या दिवशी तो पायरीवर, दुसऱ्या स्टेपनीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. मग खाली उतरला, म्हातारीची डालगी आपल्या सीटखाली सरकवली आणि साखऱ्यापर्यंत कुणालाही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. तो नांदेडला गेला होता.

जिभेबरोबर मानेतल्या गाठीही त्याने काढून घेतल्या. तपासल्यावर सगळ्या साफ निघाल्या. एकीतही काही नव्हतं.

मला आनंद झाला. म्हणजे माझंच खरं होतं? की तसं म्हणणंच चुकीचं? मला अजून कळलेलं नाही.

हात गेलाच. खांद्याच्या वर उचलेना, गिअर टाकताना कळ यायची. डॉक्टर म्हणाले, व्यायामाने सुधारेल, पण किती ते सांगता येत नाही. त्याने जीप विकली. नव्या मालकाने पहिल्याच दिवशी दुसरी स्टेपनी उतरवली. आता तिथे भाजीच्या पाट्या असतात.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला भेटायला गेले. ओट्यावर बसून तो डाव्या हाताची बोटं भिंतीवरून हळूहळू वर चढवत होता. खांद्यापाशी आली की थांबायची. मी बोलू नये ते बोलून गेले, "गाठीत काहीच निघालं नाही म्हणे..."

"न्हाई लागली," तो जड जिभेने म्हणाला. "बरंच हाय की म्याडम."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. निघताना त्याने थांबवलं.

"वरचं दुसरं चाक ठिवलं ना त्यानं?"

"हो," मी म्हणाले. "आहे ना."

"हवा बघत जा म्हनावं."

त्याने मूठ आवळली आणि बसल्या जागी, हात जेवढा जाईल तेवढ्याच उंचीवर, भिंतीवर दोनदा आपटली.