वेबसाइटचं नाव

उचगावच्या शाळेत सातवीला शिकवणाऱ्या दीपा मगदूम मॅडमचा राग अख्ख्या गावाला माहीत आहे.

गूळ कसा करतात, हे त्यांनी मुलांना इंटरनेटवर शोधायला लावलं. एकतीस कागदांवर एकच वाक्य आलं: पाक दोनशे अंशांवर उतरवतात. शोधल्यावर सगळ्यात वर आलेलं पान मुलांनी डोळे झाकून उतरवलं होतं.

"दोनशेला गूळ न्हाय, कोळसा हुतोय!" मॅडम कडाडल्या. "लिहिणाऱ्यानं गुऱ्हाळ तरी बघितलंय का, हे कोण बघणार?"

मग त्या पवित्राकडे वळल्या. तिचे आजोबा चन्नाप्पा चाळीस वर्षं गुऱ्हाळावर गुळवे आहेत. पाक कधी उतरवायचा, हे तेच ठरवतात.

"घरात गुळव्या असून मोबाईलला विचारलंस?"

"आज्जालाच विचारलं की पयलं. पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी वळली की उतरवायचा, म्हणाला. पर तुमच्या कागदावर माहिती कुठनं घेतली त्याला 'वेबसाइटचं नाव' एवढाच रकाना हाय. आज्जाला कुठं लिवू?"

मॅडमनी कागद बघितला. रकाना त्यांनीच आखला होता. त्यांनी पवित्राचंच पेन घेतलं, 'वेबसाइटचं' एवढंच खोडलं आणि कागद परत दिला.

"लिही," त्या हळूच म्हणाल्या.