डोकं बघायला बस

जया किन्हवलीकडची. घरी भातशेती, आई भागीरथी, पाठचे दोन भाऊ. शेजारीपाजारी कुणाचं काही दुखलंखुपलं की पहिली हाक जयाला. ती फार बोलायची असं नाही. देवापुढे हात जोडून एवढंच मागायची, की माझ्या हातून कुणाचं वाईट होऊ देऊ नकोस. अठ्ठ्याण्णव साली शहापुरात मुलींच्या वसतिगृहावर राहून ती बीएचं शेवटचं वर्ष करत होती, तेव्हा तिला वाटलं, नेमकं तेच आपल्या हातून झालं.

तिच्या खोलीत बुधी होती. डोळखांबच्याही पलीकडे, डोंगराला टेकलेल्या पाड्यावरची. त्या पाड्यातून कॉलेजात आलेली पहिलीच. पहिल्या वर्षाला इंग्रजीत राहिली. तशा आणखीही राहिल्या होत्या. त्या दोन दिवस रडल्या आणि तिसऱ्या दिवशी वडापाव खायला गेल्या. बुधी रडलीच नाही. ती भिंतीकडे तोंड करून निजली. वर्गात जाईना, ताटातला भात तसाच राही, केसांना तेल नाही की फणी नाही. त्यात खोलीतलीच शेणवे गावची वैष्णवी, बाप मास्तर आणि जीभ तिखट, तिने एक दिवस बुधीच्या उशाशी उवांच्या औषधाची बाटली आणून ठेवली.

"आमची पण डोकी भरतील ना गो बाई," म्हणाली.

खोलीतल्या मुली हसल्या. बुधीने पांघरूण डोक्यावरून घेतलं, ते मग काढलंच नाही.

जयाने आपल्या परीने सगळं केलं. समजावलं. रागावली. "बापाने किती खस्ता खाऊन तुला पाठवलंय, त्याचा तरी विचार कर," असंही म्हणाली. त्यावर बुधी आणखीच आक्रसली. देवळातून अंगारा आणून कपाळाला लावला, तो तिने लावून घेतला, बस्स. शेवटी जया घाबरली आणि तिने त्या भागातली कुणीही मुलगी करते ते केलं. स्टँडवर जाऊन डोळखांबच्या गाडीच्या कंडक्टरकडे निरोप दिला, की बुधीच्या बाबांना भेटून जायला सांगा. बुधीला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली रिकामी होती. जया बुधीजवळ नुसती बसली होती. सांगण्यासारखं सगळं सांगून झालं होतं. तिला घरापुढची ओटी आठवली. शेतातली कामं उरकली की दुपारी बायका एकीमागे एक अशा बसतात आणि पुढचीचं डोकं बघतात. उवा निघायच्या तेवढ्या निघतात, पण सासूचा जाच, नवऱ्याची दारू, पोटातलं दुखणं, सगळं तिथंच बाहेर पडतं. एकमेकींचं तोंड दिसत नसतं ना.

"बुधे, डोकं बघू दे," जया म्हणाली.

"नको. तुला लागतील."

"लागू देत. माझ्या आयशीने माझ्या काय कमी काढल्यात?"

तिने बुधीला हाताला धरून मागच्या पायऱ्यांवर नेलं, धुणं धुवायच्या दगडापाशी. खालच्या पायरीवर बुधी, वरच्या पायरीवर जया. केसांच्या जटा झाल्या होत्या. जयाने तेल घातलं आणि बोटांनी एकेक गुंता सोडवायला घेतला.

"पाड्यात सगळी म्हणतात, बुधी साहेबीण होणार," बुधी समोर बघतच बोलली. "मी वर्गात बसते न् सरांचे नुसते ओठ हलताना दिसतात. ऐकायलाच येत नाय." मग म्हणाली, "जया, कधी कधी वाटतं निजावं न् मग उठूच नये."

जयाचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले.

"कधीपासनं वाटतं?"

"दिवाळीपासनं."

"सांगितलंस ते लय बरं केलंस. उद्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊ. मी येते संगती."

"येडी झाली म्हणतील."

"म्हणू देत. ताप आला तर जातोच ना आपण?"

बुधी नाही म्हणाली नाही. जयाने घट्ट वेणी घातली.

सकाळी दोघी निघणार, तोच फाटकाशी बुधीचा बाप देवजी आणि चुलता काळूराम उभे. खांद्यावर लांब बांबू, त्याला गुंडाळलेली घोंगडी. पाड्यावर एसटीतून निरोप येतो तो मयताचा, नाहीतर जिवावर बेतल्याचा. देवजीला वाटलं, पोर चालायचीही नाही. म्हणून गाडीतून उतरल्यावर तिला डोलीतून डोंगर चढवायची तयारी करूनच तो आला होता.

बुधी चालत फाटकाशी आली. देवजीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बांबू खाली टेकला.

"चाल घरी. शिकलीस तेवढं पुरं."

पाड्यावर परत गेलेली पोर पुढच्या भातलावणीला सासरच्या शेतात असते, हे जयाला ठाऊक होतं.

"काका, निरोप मी धाडला. मी घाबरले होते."

"घाबरायसारखं हाय का मग?"

खोटं बोलणं जयाला जमेना. "हाय," ती म्हणाली.

"तर न्यायला नको?"

"भगताला दाखवू, बाहेरचं काही असंल तर उतरवील," काळूराम म्हणाला.

तेव्हा बुधीच बोलली. "बाबा, घरी आले तर मी नुसती निजून राहीन. इथं ही मला बोलायला लावते. आता दवाखान्यातच चाललोय."

देवजीने लेकीची वेणी बघितली, मग जयाकडे बघितलं. "एकली पुरशील का गो बाय तू?"

"एकली नाय पुरणार," जया म्हणाली. "पण अजून पोरी हायेत. त्यांना सांगते."

"आठ दिसांनी येतो. तवा बघू."

डॉक्टरीणबाईंनी बुधीला सगळं नीट विचारलं, आणि ठाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी दिली. ठाण्याला जाऊन आल्यावर गोळ्या सुरू झाल्या. बुधीला विचारून जयाने खोलीतल्या मुलींना सांगितलं. कुणी हसलं नाही. त्यांनी आपापसात ठरवलं, की तिला एकटीला जेवायला बसवायचं नाही, एकटीला निजवायचं नाही. वैष्णवी तेवढी त्यात नव्हती.

रविवारी मागच्या पायऱ्यांवर ओळ लागली. बुधीच्या मागे जया. थोड्या वेळाने वैष्णवी आली, केस सोडले, आणि काही न बोलता बुधीच्या पुढच्या पायरीवर पाठ करून बसली.

बुधीने तिचे केस बाजूला सारले. बघितलं. पुन्हा बघितलं.

"अगो, हिच्या तर माझ्याहून जास्ती हायेत."

"सांगत बसू नको. काढ," वैष्णवी म्हणाली. मग खाली मान घालून हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी चुकले."

"मान हलवू नको," बुधी म्हणाली.

काही एका आठवड्यात सगळं बरं झालं नाही. गोळ्या पुढे कित्येक महिने चालल्या. मधूनच एखादा दिवस बुधी भिंतीकडे वळायची, तेव्हा कुणीतरी तिच्या पाठीशी जाऊन बसायचं. इंग्रजीत ती आणखी एकदा राहिली.

त्याआधी, बोलल्याप्रमाणे आठव्या दिवशी, देवजी आला. बुधी फाटकाशी गेली.

"येतेस का?" त्याने विचारलं.

"सुट्टीला येईन," ती म्हणाली.

देवजीने होकाराची मान हलवली आणि तो वळला. बुधीने पायात चपला सरकवल्या आणि त्याला गाडीवर बसवून द्यायला एकटीच स्टँडकडे निघाली. जया संगती जायला उठली होती, ती पुन्हा बसली.