दिवाकरचं मशीन आणि जनार्दनचा मुहूर्त

लिही बेटा, मी सांगते. आपल्या झाशीतल्या लक्ष्मी गेटजवळचा दिवाकर, जनार्दन भटजीचा थोरला. कलकत्त्याला सायंटिस्ट आहे. काम काय, तर मशीनमधून कणांची धार सोडायची. ती पत्र्यावर आदळली की नवे अणू जन्मतात आणि पापणी लवायच्या आत मरतात. मरायच्या आधी त्यांना मापायचं. मी म्हटलं, "मेल्या, इतका शिकलास आणि जे जगतच नाही त्याच्या मागे लागलास?" नुसता हसला.

बापासमोर मात्र त्याची बोबडी वळे. जनार्दनने वैशाखातला मुहूर्त काढला, ग्वाल्हेरची बकुळ ठरली, पत्रिका वाटल्या, तरी हा गप्प. मी केळवण केलं, तेव्हा श्रीखंडाची वाटी बघून रडकुंडीला आला.

"काकू, त्याच दिवशी मशीनवर माझा नंबर आहे. गेला तर दोन साल मिळणार नाही."

जनार्दन गरजला, "मशीनला सांग, रुक जाओ भैया! मुहूर्त ग्रहांचा असतो."

"तुझ्या ग्रहांपेक्षा याचे अणू हट्टी दिसतात," मी म्हटलं.

बकुळ आईबरोबर जेवायला आलेली. हातातली पुरी खाली ठेवून म्हणाली, "मला का नाही सांगितलं?"

"बाबा रागावतील म्हणून."

"आणि मी नाही रागावणार? आता त्यांनाच सांगा, माझ्याकडे नका बघू."

दिवाकर उभा राहिला. "बाबा, मी त्या दिवशी येणार नाही."

जनार्दनने पिशवीतून पंचांग काढलं, अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटली. "त्याच्या पुढच्या हफ्त्यात एक आहे. अतिउत्तम."

"मघापर्यंत कुठे लपला होता?" मी विचारलं.

बकुळ म्हणाली, "काका, तेव्हा माझी बी.एड.ची परीक्षा आहे."

पुन्हा थुंकी, पुन्हा पानं. आषाढात देव झोपतात, म्हणजे राहिला जेठ, ज्येष्ठ महिना. थोरल्या मुलाचं लग्न जेठात करू नये, असं सांगून याच जनार्दनने अर्ध्या झाशीला दारातून परत धाडलेलं. आता म्हणतो, "आपद्धर्म आहे."

दिवाकर कलकत्त्याला जाऊन आला. "मिळाले का रे अणू?"

"मिळाले काकू, मोजकेच."

लग्न भर लूमध्ये, त्या भाजणाऱ्या वाऱ्यात लागलं. मंगलाष्टकं म्हणता म्हणता जनार्दनचाच घसा सुकला. दोनदा थांबून पाणी प्याला, तोवर मुहूर्त टळून गेला. घड्याळ सगळ्यांच्याच हातात होतं, पण कोणी चकार शब्द काढला नाही. मी तर त्याला वर पन्हं पण पाजलं.