शनिवारचा दिवा

आमच्या गावात दार कुणी वाजवत नाही. माणूस फाटकातूनच नावानं हाक मारतो आणि उत्तर यायच्या आत स्वयंपाकघरात येऊन उभा राहतो. त्यामुळे त्या बुधवारी सकाळी थिओपिस्तीमावशीच्या दारावर तीनदा टकटक झाली, तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मावशी हलूमी करत होती. कढत निवळीतून चीजचा गोळा काढायचा, मीठ-पुदिना लावायचा आणि गरम असतानाच घडी घालायची. मी पुदिना खुडून देत होते. तिचे हात अडकलेले, म्हणून मी उठले.

दारात पाफोस शहरातल्या कोर्टाचा माणूस. तीन आठवड्यांपूर्वी मनाईहुकूम घेऊन आला होता, तोच.

"कागद त्यांच्याच हातात द्यावा लागतो," तो म्हणाला.

"हाताला चीज लागलंय माझ्या," आतून मावशी.

"थांबतो की. कॉफी मात्र नको, मागच्या वेळी तुमच्याकडचा अक्रोडाचा मुरांबा खाऊन पुढची दोन घरं राहिली."

मावशीनं हात पुसले, कागद घेतला आणि न वाचताच देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे सारायला निघाली. सरकारी कागद ठेवायची तिची तीच जागा. "अगं, आधी वाचू तरी दे," म्हणत मी तो ओढून घेतला.

मागचा हुकूम मला पाठ होता. गावाबाहेरचं एक शेत. जमीन मावशीच्या पुतण्याची, सोलोनासची. त्या शेतातलं पोकळ खोडाचं जुनं ऑलिव्ह मावशीचं. आमच्याकडे हे जुन्या काळापासून चालत आलंय, जमीन एकाची आणि तिच्यातलं झाड दुसऱ्याचं. मावशीची सासू पोलिक्सेनी हिनंच तशी वाटणी केली होती: थोरल्याला माती, धाकट्याला झाड. आता सोलोनासला तिथं सुट्टीसाठी येणाऱ्यांची घरं बांधायची होती आणि झाड आडवं येत होतं. कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत त्यानं झाड तोडायचं नाही आणि मावशीनं शेतात पाऊल टाकायचं नाही, कुणाकरवी तिथं काही करायचंही नाही. हुकूम मोडला तर अटक होईल, असं खाली ठळक अक्षरांत.

मावशीला झाडाचं तेल नको होतं. त्या पोकळीत एक दिवा होता. मुलगा नेओफितोस तान्हेपणी तापानं निळा पडला, तेव्हा तिनं तिथं नवस बोलला होता की पोर जगलं तर दर शनिवारी संध्याकाळी दिवा लावीन. पोर जगलं, चाळिशीचं झालं, मेलबर्नला बेकरी चालवतं. चाळीस वर्षांत एक शनिवार चुकला नव्हता. हुकूम आल्यावर मात्र ती गेली नाही. शनिवारी खिडकीत बसून नुसती शेताच्या दिशेला बघायची.

नव्या कागदाबरोबर तीन फोटो होते. तीन रविवार, तीन सकाळी. तिन्हींत दिवा जळत होता, वातीचा पीळ दिसेल इतका मोठा करून काढलेला.

"कोर्टाचा अवमान केला म्हणून तुला तुरुंगात का टाकू नये, ते येऊन सांग, असं लिहिलंय," मी म्हटलं.

मावशी फोटोंकडे बघत राहिली. पातेल्यातली हलूमी गार होऊन कडक झाली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच एखादा घाणा वाया गेला असेल.

"मी गेले नाही गं," ती म्हणाली. एवढंच.

दुपारी आम्ही शेताच्या बांधापर्यंत चालत गेलो. मावशी रस्त्यावरच थांबली, चपलेचं टोकही दगडी बांधाला लागू दिलं नाही. मी वाकून पाहिलं. सोलोनासनं झाडाभोवती नांगरून घेतलं होतं, वर पाऊस पडून लाल माती सायीसारखी बसली होती. तिच्यावर एकच पावलांची रांग, मोठ्या बुटांची, झाडापासून दहा हातांवर जाऊन परत फिरलेली. फोटो काढणाऱ्याची. त्यापुढे झाडापर्यंत माती कोरी होती. आणि पोकळीत, भर दुपारी, बुधवारी, दिवा जळत होता. वारा होता. बांधावरचं गवत आडवं होत होतं. ज्योत मात्र ताठ.

"विझलाय का?" मावशीनं रस्त्यावरून विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि भराभर निघाले.

कोर्टाकडून मिळालेली वकील आंतिगोनी वयानं लहान होती, पण समजावून सांगायची हातोटी होती तिच्यात.

"मावशी, अवमान दोन तऱ्हेचा. एक दिवाणी. कोर्टानं कुणाच्या भल्यासाठी तुम्हाला काही सांगितलं आणि तुम्ही ते पाळलं नाही. तिथं कोर्टाला तुम्हाला वळणावर आणायचं असतं. आत टाकलं तरी किल्ली तुमच्याच एप्रनच्या खिशात. यापुढे ऐकेन म्हणालात, तसं वागलात, की बाहेर. दुसरा फौजदारी. भर कोर्टात गोंधळ घालणं, साक्षीदाराला धमकावणं, साक्षीला उभं राहून उत्तर द्यायला नकार देणं. तिथं कोर्टाच्या मानालाच धक्का लागतो, म्हणून झाल्या गोष्टीची शिक्षा होते. नंतर गोड बोलून ती टळेलच असं नाही."

"म्हणजे पहिल्यात मी हट्टी आणि दुसऱ्यात उद्धट."

आंतिगोनी हसली. "अगदी तसंच. तुमच्यावर आरोप हट्टीपणाचा आहे. तो त्यांना पक्का सिद्ध करावा लागेल, शंकेला जागा न ठेवता. पण झाला सिद्ध, तर तुम्ही सुधारेपर्यंत कोर्ट झाडाबद्दलचं तुमचं म्हणणं ऐकायलाच नकार देऊ शकतं. मग सोलोनासवरची मनाई उठली, की झाड गेलं."

"सुधारू कशी पोरी? जे मी करतच नाही ते थांबवू कसं?"

 आंतिगोनीनं फाइल बंद केली.

तारखेच्या दिवशी, शुक्रवारी, कोर्टाच्या व्हरांड्यात सोलोनास समोरच्याच बाकावर होता. लहानपणी मावशीच्याच परसात वाढलेला माणूस, आता नजर चुकवत होता.

"काय रे, काकूला तुरुंगात घालायला नवा शर्ट घेतलास होय?"

"काकू, तमाशा नको. दिवा लावायचा थांबवा, मी केस मागे घेतो."

"तुझ्या आईनं तुला मोजायला शिकवलं, बघायला नाही शिकवलं. तो फोटो काढ जरा. वात बघ. कुठल्या अंगाला पिळलीय?"

"वात ती वात, काकू!"

"सगळं गाव उजव्या हातानं पिळतं. ही उलटी आहे. कापसाचे तीन पदर, उलट्या पिळाचे, टोकाला गाठ. आपल्या घरात डावखुरं कोण होतं रे?"

सोलोनास हसायला गेला, पण त्याचा हात फाइलवरच राहिला. मग त्यानं फोटो काढला आणि डोळ्यांजवळ धरला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याची आजी पोलिक्सेनी डावखुरी होती, हे मलाही ठाऊक होतं. ती जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

त्यानं फोटो परत आत ठेवला आणि शर्टाचं वरचं बटण सोडलं. "वकील आत गेलेत," तो म्हणाला. "आता माझ्या हातात नाही."

मी मावशीला कोपऱ्यात घेतलं. "हे आत सांगणार आहेस?"

"वेडी आहेस का?" ती कुजबुजली. "गेलेल्या माणसाचं नाव सरकारदरबारी घ्यायचं नसतं. नाव कागदावर चढलं, वर शिक्का बसला, की त्या माणसाला यावं लागतं. मग तो टकटक करणारा कागद घेऊन कुणाकडे जाईल, सांग बघू? म्हातारी बिचारी तिथं दिवा राखतेय. तिला इथं उभी करू मी?"

 मी कॉलेजात शिकलेली बाई, पण त्या क्षणी मला ती लाल माती आठवली, कोरी.

न्यायाधीशबाई शांत आवाजाच्या होत्या. मावशी स्वतःहून साक्षीला उभी राहिली. शुभवर्तमानातच शपथ वाहू नका असं लिहिलंय, म्हणून त्यावर हात ठेवायला ती तयार नव्हती, तेव्हा बाईंनी नुसत्या वचनावर बोलायची मुभा दिली. सोलोनासच्या वकिलानं विचारलं, "हुकूम मिळाल्यावर तुम्ही शेतात गेलात?"

"नाही."

"दुसऱ्या कुणाला पाठवलंत?"

"नाही."

"मग दिवा कोण लावतं? तुम्हाला माहीत आहे?"

आंतिगोनीनं डोळे मिटले. मावशी म्हणाली, "माहीत आहे."

"नाव सांगा."

"नाही सांगणार."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला नीट कळावं म्हणून सांगते. हुकूम मोडला की नाही, त्याचा निकाल मी सोमवारी देईन. पण हा प्रश्न प्रकरणाशी निगडित आहे आणि उत्तर द्यायला तुम्ही बांधलेल्या आहात. नकार दिलात तर तो वेगळा अवमान, थेट कोर्टाच्या तोंडावर. त्याची शिक्षा वेगळी. कुणी तुम्हाला धमकावलंय का?"

"छे. तिनं उभ्या जन्मात कुणाला धमकावलं नाही."

"ती कोण?"

 मागच्या बाकावरून सोलोनास एकदम उठला. "राहू दे ना, बाईसाहेब," तो म्हणाला, आणि त्याच्याच वकिलानं त्याला बाही धरून खाली बसवलं.

"पुन्हा विचारते. उत्तर देणार?"

"नाही, बाईसाहेब. तुमचा अपमान करायचा नाही मला. पण नाही."

"ठीक आहे. सोमवारपर्यंत विचार करा. तोवर घरी जा. सोमवारी उत्तर दिलंत तर हा भाग इथंच मिटेल."

आंतिगोनीनं सुटकेचा श्वास सोडला. मी मावशीची पिशवी उचलली. मावशी मात्र कठडा धरून तिथंच उभी.

"काही म्हणायचंय का?" बाईंनी विचारलं.

"एकच मागणं आहे. मला घरी पाठवू नका. आज शुक्रवार. रविवारी सकाळपर्यंत मला इथंच कुठंतरी कुलपात ठेवा, आणि मी आत असताना दिवा जळतो का ते बघायला उद्या संध्याकाळी त्या झाडापाशी तुमचा एक माणूस बसवा."