परत पाठवलेला टेम्पो

मसोलीत चिकू वाळवणाऱ्या कारखान्यात मी नवीनच लागले होते. नरपडच्या एका बड्या बागायतदारकाकांचा टेम्पो आला. नखाने साल खरवडली तर आत हिरवंगार! कच्चा चिकू वाळवला की तोंड तुरट करतो. मी टेम्पो परत पाठवला. "कालची पोरगी माझा माल नाकारते!" काका बाजारभर ओरडत फिरले. फिरू देत. पुढचाही कच्चा माल मी परतच पाठवला. मग मात्र काका स्वतः नख लावून माल भरू लागले.

दोन वर्षांनी डहाणूत तरुण अन्नतंत्रज्ञ म्हणून माझा सत्कार झाला. निवेदक माझ्या पदव्या वाचत होता. पहिल्या रांगेतून काका ताडकन उठले.

"पदव्या राहू द्या हो! हिने टेम्पो परत पाठवलाय. माझा!"